लेबल लावायला काही खर्च पडत नाही?

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं, की बग आणि कामं नोंदवायच्या ट्रॅकरमधली लेबलं पंधरावर आणा हा माझा सल्ला म्हणजे हाताने माहिती फेकणं. लेबल लावायला काही खर्च पडत नाही, फिल्टर कशाला दिलाय? शिवाय 'क्रिटिकल' आणि 'अर्जंट' मी एकच धरले.

ते दुसरं आधी, कारण तिथे मी चुकलो. 'क्रिटिकल' ही सिव्हिरिटी, म्हणजे बिघाड केवढा; 'अर्जंट' ही प्रायॉरिटी, म्हणजे तो कधी हातात घ्यायचा. बगझिला या बग-ट्रॅकरमध्ये हे दोन वेगळे रकाने आहेत. कुणी उघडत नाही अशा जुन्या स्क्रीनवर ॲप क्रॅश होणं आणि लॉगिनच्या पानावर स्वतःच्याच प्रॉडक्टचं नाव चुकणं, यातलं आधी काय दुरुस्त कराल? लेखातली ती ओळ बदलतो.

फुकटपणाचं मात्र पटत नाही. आमच्याकडे एक बग होता: एक्स्पोर्ट केलेल्या फाइलमध्ये तारीख एक दिवस मागे. तिघांनी तो तीनदा नोंदवला. एकाने 'डेट' लावलं, दुसऱ्याने 'टाइमझोन', तिसऱ्याने 'एक्स्पोर्ट'. चूक कुणाचीच नाही. फिल्टरही सगळेच लावत होते, आपापला. दोघं जण दोन ब्रँचवर, म्हणजे कोडच्या वेगवेगळ्या प्रतींवर, तोच बग सोडवत बसले, हे कळलं ते थेट कोड तपासताना, रिव्ह्यूला.

बारकावे इश्यूच्या, म्हणजे ट्रॅकरमधल्या नोंदीच्या, मजकुरात लिहा, सर्च तिथेही चालतो. लेबल पाहून कुणीतरी काहीतरी करायला हवं. 'गुड फर्स्ट इश्यू' पाहून नवखा माणूस काम उचलतो. 'मिसलेनियस' पाहून कोण काय करतं?

पंधराचा आकडा मी जरा ठोकूनच दिला होता, हेही कबूल. कुबरनेटिस या मोठ्या ओपन-सोर्स प्रकल्पात लेबलं ढीगभर आहेत, पण बहुतेकांना 'काइंड', 'एरिया', 'प्रायॉरिटी' असा उपसर्ग असल्याने एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यात मिसळत नाही. नव्या इश्यूला बॉटच 'नीड्स-ट्रायाज' (छाननी बाकी) चिकटवतो.

आणि माहिती जाण्याची तुमची भीती एका ठिकाणी अगदी खरी आहे. गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर लेबल डिलीट केलं, की ते बंद झालेल्या इश्यूंवरूनही जातं. नाव बदललं तर टिकतं. पण ते नाव आधीच दुसऱ्या लेबलला असेल तर बदलता येत नाही. म्हणून दोन लेबलं एक करताना जुन्यावर फिल्टर लावा, बंद इश्यूंसकट सगळ्यांना नवं लावा, आणि मगच जुनं उडवा.