पोरगी तायक्वांदो शिकते, ते नेमकं कशासाठी?

रविवारी संध्याकाळी कोल्हापुरात मिरजकर तिकटीच्या कट्ट्यावर हा विषय निघाला तो आमच्या बँकवाल्यामुळं. त्याची पोरगी सहावीत आहे, तायक्वांदोत हिरव्या पट्ट्यापर्यंत पोचलीय आणि आता शालेय जिल्हास्तरीय स्पर्धेत उतरायचं म्हणते. तिच्या क्लासमधून सांगितलंय, अजून पूमसे, म्हणजे एकट्यानं ठरावीक क्रमानं करायच्या हालचाली, पक्कं नाही, स्पर्धेची घाई नको. आणि घरात बायको म्हणते, मी तिला पदकासाठी पाठवलंच नव्हतं. शिकवणीहून अंधारात येताना कुणी आडवा आला तर निभाव लागावा म्हणून पाठवलं. "तिघांची तीन तोंडं. मी कुणाचं ऐकू?" एवढंच त्यानं विचारलं. रात्री साडेनऊला कट्टा उठला तोवर आम्ही त्यावरच होतो.

त्या दिवशी पैलवान होता, वकील होता, आमच्या शाळेच्या बॅचची डॉक्टर होती आणि सर होते. सर दुसऱ्या पेठेत तायक्वांदोचा स्वतःचा क्लास चालवतात, त्यामुळं पहिला मान त्यांचा.

सर म्हणाले, "घाई नको म्हणालेत ते बरोबरच आहे. पूमसे म्हणजे कवायत न्हवे. पहिलं पूमसे, तेगुक इल-जांग, त्यात अठरा हालचाली आहेत. खालचा ब्लॉक, मधला ब्लॉक, वरचा ब्लॉक, ठोसा. किक फक्त दोन. का? कारण पोराला आधी उभं राहायला शिकवायचं असतं. पाय कुठं, कंबर कुठं, वजन कुठल्या पायावर, ठोसा मारताना दुसरा हात कुठं जातो. दोन वर्षं हे घोटलेलं पोर आणि थेट फाइटला घातलेलं पोर, दोघांना शेजारी उभं करा. मला लांबूनसुद्धा ओळखू येतं."

"सगळं ब्येस हाय सर," पैलवान म्हणाला, "पण पूमसे करताना म्होरं कोण असतंय?"

"समोर कल्पनेतला प्रतिस्पर्धी असतो."

"हां. त्यो कधी उलटा मारतो का?"

पैलवान हे हसण्यावारी नेत नव्हता. त्याचं म्हणणं असं की तालमीत पोरगं जोर-बैठका मारतं, दोर चढतं, हौदा खणतं, पण तेवढ्यावर त्याला कुणी पैलवान म्हणत नाही. हौद्यात उतरून, आपल्याला आडवं पाडायला टपलेल्या माणसाशी रोज भिडावं लागतं. एकेरी पट काढायचा, म्हणजे समोरच्याचा एक पाय धरून त्याला पाडायचं, तर समोरचा पाय मागं घेणारच, त्याला तो काढू द्यायचा नसतोच. त्याच्या नकारातूनच डाव पक्का होतो.

इथं मी तोंड घातलं. कॉलेजात असताना मी तायक्वांदो खेळलोय आणि या खेळातली एक गोष्ट मला कायम खटकत आलीय. क्लासच्या भिंतींवर 'दोन हजार वर्षांची परंपरा' असं रंगवलेलं असतं. प्रत्यक्षात कोरियावरचा जपानी अंमल 1945 साली संपला, त्याच्या आगेमागे सोलमध्ये वेगवेगळ्या शाळा निघाल्या, त्यांना 'क्वान' म्हणत. त्यांतले बरेच गुरू जपानमध्ये कराटे शिकून आलेले. तायक्वांदो हे नाव 1955 सालचं, जनरल चोई होंग-ही यांनी पुढं आणलेलं. चोई स्वतःही जपानमध्ये शोतोकान कराटे शिकले होते. आपलं कुस्तीचं खासबाग मैदान 1912 सालचं. म्हणजे ज्याला आपण प्राचीन म्हणतो ते नाव खासबागेपेक्षा चाळीसेक वर्षांनी लहान आहे. आणि सर ज्या तेगुकांची बाजू घेतायत ती आठ पूमसे सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला बसवली गेली. त्याच सुमाराला, 1972 मध्ये सोलचं कुक्कीवॉन, म्हणजे तायक्वांदोचं मुख्य केंद्र, उभं राहिलं आणि 1973 मध्ये तायक्वांदोचा जागतिक महासंघ निघून पहिली जागतिक स्पर्धाही झाली. तेव्हा 'परंपरा आधी, खेळ नंतर, खेळानं परंपरा बिघडवली' ही गोष्ट तारखांना धरून नाही. दोन्ही एकाच घरात, एकाच वेळी वाढलेत.

सरांना हे आवडलं नाही, पण त्यांनी खोडलंही नाही. ते म्हणाले, "वय काढू नका. आजचं रिंगण बघा."

आणि मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकण्यासारखं होतं. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये ब्रिटनच्या सारा स्टीव्हन्सनची डोक्यावर बसलेली किक पंचांनी मोजलीच नाही. समोर चीनची चेन झाँग, दोन वेळची सुवर्णविजेती. ब्रिटननं तक्रार केली, चित्रफीत पाहिली गेली आणि निकाल फिरवावा लागला. अशा भानगडी नकोत म्हणून 2012 च्या लंडनमध्ये इलेक्ट्रॉनिक चेस्ट गार्ड आले, पायात सेन्सरचे मोजे आले. 2016 च्या रिओत हेडगार्डमध्येही सेन्सर बसले. न्याय झाला, पण खेळाडूनं यंत्राला काय कळतं ते हेरलं. पुढचा पाय हवेत धरायचा, त्यानंच समोरच्याला अडवायचं, त्यानंच गार्डला टेकवायचं. सर म्हणाले, "पूर्वी किक बसली की हॉलमध्ये आवाज यायचा. आता फलकावर आकडा पडतो तेव्हा कळतं."

गुणांचं कोष्टक त्यांनी बोटांवर मोजून दाखवलं. छातीवर ठोसा 1, छातीवर किक 2, डोक्यावर किक 3, गिरकी घेऊन छातीवर मारली तर 4, गिरकी घेऊन डोक्यावर 5. तोंडावर ठोसा बंद. कमरेखाली किक बंद. पडलात तर दंड, म्हणजे समोरच्याला फुकटचा गुण. "ठोसा तोंडावर येणारच नाही म्हटल्यावर पोरं हात खाली सोडून फिरतात. पहिल्या पूमसेतल्या अठरा हालचालींत बहुतेक सगळं हाताचं काम, आणि रिंगणात हाताला एक गुण. मग सांगा, शिकवलेलं गेलं कुठं?"

यावर पैलवान एकदम सरांच्या बाजूला गेला. मातीतली कुस्ती चितपट होईस्तोवर चालायची. मॅटवर तीन-तीन मिनिटांचे दोन डाव आणि गुण. मॅटवरच्या पोराला आधी गुणांचा हिशोब सुचतो, पाठ लावायचं नंतर. पण लगेच त्यानं दुसरी बाजूही सांगितली, आणि मला ती जास्त मोलाची वाटते. खाशाबा जाधव 1948 ला लंडनला सहावे आले होते. 1952 ला हेलसिंकीत कांस्य घेऊन आले ते मॅटच्या नियमांनी लढून. माती सोडली म्हणून त्यांना कुणी कमी पैलवान म्हणालं नाही. "नियम बदलला की डाव बदलतोय. पण म्होरचा माणूस जित्ता पायजे, ही अट दोन्हीकडं सारखीच हाय."

माझं मत तिथंच आहे. स्पर्धेच्या नियमांवर हवी तेवढी टीका करा, सेन्सरवर करा, पण तायक्वांदोत समोरचा माणूस तुम्हाला मनापासून अडवतो अशी जागा फाइटचीच आहे. तिथं पोरीला पहिल्यांदा कळतं की छातीवर बसल्यावर श्वास अडकतो आणि तरी दोन पायांवर राहता येतं. समोरचा किती लांब आहे, कधी आत येणार आहे, हे वहीत लिहून शिकता येत नाही. आणि या किका नुसत्या दिखाऊ आहेत असंही नाही. अँथनी पेटिस हा तायक्वांदोतून आलेला अमेरिकी खेळाडू. 2010 साली पिंजऱ्यातल्या लढतीत त्यानं जाळीवर पाय टेकवून उडी घेतली आणि समोरच्याच्या तोंडावर किक बसवली. तिथं पकड, ठोसे, सगळं चालतं. ती किक बसली कारण त्याच्यामागं विरोध करणाऱ्या माणसांशी खेळलेली वर्षं होती.

बँकवाल्यानं मध्येच दहावीच्या क्रीडा गुणांचं आणि सरकारी नोकरीतल्या पाच टक्के खेळाडू आरक्षणाचं विचारलं. ते आहेच, त्यासाठी कुणी स्पर्धा खेळत असेल तर त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण सहावीतल्या पोरीच्या बाबतीत ते आत्ता बाजूला ठेवावं.

आतापर्यंत डॉक्टर गप्प होती. ती म्हणाली, "तुम्ही मघापासून अंधारात आडवा येणाऱ्या अनोळखी माणसाबद्दल बोलताय. माझ्याकडं ज्या मुली येतात त्यांना त्रास देणारा बहुतेक वेळा ओळखीचा असतो. नात्यातला, शेजारचा, शिकवणीतला, मित्र. त्याला गिरकी घेऊन किक मारायची तर आधी हा आपल्याशी वाईट वागतोय हे स्वतःला पटावं लागतं. तिथंच मुली अडकतात. मामाला लाथ कशी मारायची?"

मग तिनं कॅनडातला एक अभ्यास सांगितला. 2015 साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये तो छापून आला. तीन विद्यापीठांतल्या पहिल्या वर्षाच्या 893 मुली. निम्म्यांना नेहमीची माहितीपत्रकं दिली. निम्म्यांना तीन-तीन तासांचे चार वर्ग, एकूण बारा तास. त्यात हाणामारीचा भाग थोडाच. बाकी सगळं ओळखीच्या माणसाकडून येणारा धोका वेळीच ओळखणं, 'त्याला वाईट वाटेल' हा मनातला अडसर काढणं, मोठ्यानं आणि स्पष्ट नाही म्हणणं, आणि मग अंगानं विरोध. वर्षभरानं पाहिलं तर पत्रकवाल्या गटात बलात्काराचं प्रमाण 9.8 टक्के, वर्ग केलेल्या गटात 5.2 टक्के.

"बारा तास," डॉक्टर म्हणाली. "आणि आपण पोरींना पाच-पाच वर्षं काळ्या पट्ट्यापर्यंत नेतो, त्यात यातलं एक वाक्य नसतं."

कट्ट्यावर कुणालाच यावर पटकन काही बोलता आलं नाही. मला विचाराल तर त्या संध्याकाळचं सगळ्यात महत्त्वाचं बोलणं हेच.

सरांनी होशिनसुलचा विषय काढला. तायक्वांदोत स्वसंरक्षणाचा वेगळा भाग आहेच, मनगट धरलं तर सोडवणं, गळा धरला तर सोडवणं. पट्ट्याच्या परीक्षेलाही काही ठिकाणी विचारतात. "धरा माझा हात," ते पैलवानाला म्हणाले. पैलवानानं धरला. सरांनी मनगट अंगठ्याच्या फटीकडं वळवलं, झटका दिला, हात मोकळा. सुंदर केलं. पैलवान म्हणाला, "आता मी खरं धरतो." त्यानं धरताक्षणी सरांना स्वतःकडं ओढलं आणि दुसरा हात कॉलरवर टाकला. वळवायला मनगट उरलंच नाही. सरांनी मात्र डोकं चालवलं; ओढ घेण्याऐवजी तेही ओढीबरोबर आत शिरले, कोपर पैलवानाच्या बरगडीला लावलं आणि तिथंच थांबवलं. पैलवान लगेच म्हणाला, "ह्ये बरोबर! ह्ये पोरींस्नी शिकवता का?"

सर प्रामाणिक माणूस आहेत. म्हणाले, "पहिलं शिकवतो. हे दुसरं शिकवत नाही. हे मला स्पर्धा खेळताना अंगात आलं."

वकिलानं कायद्याची बाजू मांडली. भारतीय न्याय संहितेच्या 34 व्या कलमापासून स्वसंरक्षणाचा हक्क सुरू होतो. 37 वं कलम सांगतं की बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायचा हक्क नाही. पण 38 व्यात बलात्काराच्या, अपहरणाच्या किंवा अॅसिड फेकण्याच्या हेतूनं हल्ला झाला तर हल्लेखोराचा जीव गेला तरी बचाव धरला जातो. "पोरींना हे सांगा. 'मी मारलं तर मलाच पकडतील' या भीतीनं कितीतरी जणी हात उचलत नाहीत. आणि पोरांना 37 वं सांगा. माणूस पडल्यावर किंवा पळायला लागल्यावर घातलेली लाथ बचावात बसत नाही."

माझा राग एकाच गोष्टीवर आहे. क्लासच्या फलकावर 'शिस्त, ऑलिंपिक खेळ, स्वसंरक्षण' असं एका ओळीत लिहितात, एकच फी घेतात, आणि शिकवतात त्यातलं एक किंवा फार तर दोन. पूमसे शिकवा, त्यातनं अंगाला वळण लागतं, एकाग्रता येते. साठीतला माणूसही ते करू शकतो. स्पर्धा शिकवा, त्यातनं धीटपणा येतो. पण त्या आईला सांगा की तुमची पोरगी जे शिकतेय त्यात तिला कुणी धरून ओढलेलं नाही, तिच्या तोंडाकडं ठोसा आलेला नाही, आणि ओळखीच्या माणसाला 'हात काढ' असं तिनं एकदाही मोठ्यानं म्हटलेलं नाही. अंगात नसलेलं बळ आहे असं तिला वाटायला लावणं, यासारखी फसवणूक नाही.

सरांनी हे ऐकून घेतलं आणि शनिवारची संध्याकाळ मोकळी करतो म्हणाले. पहिला तास डॉक्टर बोलणार, आयांनाही बसवणार, ही तिची अट. नंतर पैलवान धरायला आणि ओढायला, आणि पडल्यावर उठायचं कसं ते दाखवायला. तो म्हणाला, शाळकरी पोरींबरोबर त्यांच्याच वयाच्या तालमीतल्या दोन पोरी घेऊन येतो, मी नुसता बाजूला उभा राहीन. सरांनी स्वतःची अट घातली की याला पट्ट्याच्या परीक्षेत गुण नाहीत आणि प्रमाणपत्रही नाही, ते पालकांना आधीच सांगायचं. बँकवाल्याला आम्ही सगळ्यांनी मिळून सांगितलं, पोरीला जिल्ह्याला उतरव, पहिल्याच फेरीत हरली तरी उतरव, आणि पूमसेही सोडू नको.

अडलं ते एकाच ठिकाणी. शनिवारच्या सरावात तोंडाकडं येणारे ठोसे ठेवायचे की नाहीत? मी म्हणालो, ठेवायचेच, जाड ग्लोव्ह्ज घालून, हलक्या हातानं, नाहीतर हात वर ठेवायची सवय लागणार कशी? सर तयार होते. डॉक्टर म्हणाली, हात वर घ्यायला शिकवायचं तर ठोसा तोंडापुढं वीतभर थांबवा; वाढत्या वयातल्या पोरांच्या डोक्याला सरावात मार नको, हलकाही नको, आणि फाइटच्या सरावातल्या डोक्यावरच्या किकाही बंद करा. सर म्हणाले, त्या बंद केल्या तर स्पर्धेत माझी पोरं तीन-तीन गुणांनी मार खातील. ती म्हणाली, खाऊ देत. तो वाद अजून मिटलेला नाही.