आयर्नमॅन व्हायचंय? आधी बायको असू द्या

पोहणं 1.9 किलोमीटर, सायकल 90, धावणं 21.1, आणि हे सगळं साडेआठ तासांत. 2019 साली गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर ही हाफ आयर्नमॅन, म्हणजे आयर्नमॅनच्या निम्म्या अंतराची शर्यत, सुरू झाली आणि पुण्यातल्या चाळिशीच्या बाप्यांची झोप उडाली. म्हणजे झोप येते, पण साडेनऊलाच येते. जेवणाची भांडी ओट्यावर पडलेली असताना येते.

तुम्हालाही यंदा किंवा पुढच्या वर्षी उतरायचं असेल, घरी दोन मुलं असतील, आणि संसार सांभाळून हे कसं जमायचं असा घोर लागला असेल, तर निश्चिंत राहा. गेले दहा महिने मी एका होऊ घातलेल्या आयर्नमॅनबरोबर एकाच छताखाली राहते आहे. चार गोष्टी सांगते, फुकट सांगते. कोच पैसे घेतो.

आधी बायको बघा, सायकल नंतर. कार्बनची सायकल हप्त्यावर मिळते. पहाटे साडेचारला तुमचा अलार्म वाजला की जागी होणारी, तुम्ही तो बंद करून कूस बदललीत की तुम्हाला हलवणारी, आणि मग स्वतःची झोप मोडली म्हणून उठून कणीक मळायला घेणारी बाई कुठल्याच शोरूममध्ये नाही.

सायकलची किंमत घरी सांगताना एक शून्य विसरा.

ती हॉलमध्ये ठेवा, टीव्हीशेजारी, चादर पांघरून. मुलीची सायकल गॅलरीत पावसात राहिली तरी चालते. तिला गिअर नाहीत.

आता वेळ. आठवड्याला दहा-बारा तास लागतात. कोच म्हणतो, वेळ मिळत नसतो, काढावा लागतो. बरोबर आहे. आमच्याकडे तो असा निघतो: मंगळवार-गुरुवार सहाची पोहण्याच्या टँकची बॅच, बुधवार-शुक्रवार धावणं, शनिवारी जिम, रविवारी शिरवळपर्यंत जाऊन परत, शंभरेक किलोमीटर. “अकरापर्यंत येतोच.” अकराला फोन येतो की खेड शिवापूरला पंक्चर. साडेबाराला फोन येतो की ग्रुप मिसळ खायला थांबलाय, रिकव्हरीसाठी. दीडला घरी येऊन सायकल भिंतीला टेकवली की लगेच बूट बदलून सोसायटीभोवती फेऱ्या. त्याला ब्रिक म्हणतात. सायकलवरून उतरल्या उतरल्या धावायची पायांना सवय लागावी म्हणून. वॉचमन उभा राहून बघतो. डबे, बस, साडेनऊची मीटिंग, गणिताचा अभ्यास, कुकर, पुन्हा मीटिंग असं मीही रोज एकावरून उतरून दुसऱ्यावर चढते, पण मला वाटायचं याला सोमवार म्हणतात.

शर्यतीत ताकदीसाठी चोखायचं जेल नावाचं एक चिकट पाकीट असतं, लिटरभर दुधाहून महाग. ते मुलांच्या हाती लागू देऊ नका.

पावसाळ्यात सायकल घरातल्या घरात स्टँडवर चालवा. गिरणी चालू असल्यासारखा आवाज होतो आणि फरशीवर घामाचं तळं साचतं. तळं बायकोला दिसतं. तुम्हाला दिसणार नाही, तुमचं लक्ष स्क्रीनवरच्या वॅटवर असतं.

विचारलंच कुणी तर म्हणा, मुलांसमोर शिस्तीचा आदर्श ठेवतोय. आमच्या धाकट्याला शाळेत ‘माझे बाबा’वर पाच ओळी लिहायच्या होत्या. तिसरी ओळ होती: ‘माझे बाबा झोपलेले असतात किंवा नसतात.’ बाईंनी बरोबरची खूण केली आहे.

स्पर्धेचे नियम मात्र पाठ करा, फार उद्बोधक आहेत. बाहेरच्या माणसाने स्पर्धकाला मदत करायची नाही. केली तर दंड, वेळ आली तर बाद. बायकोने कुंपणावरून केळं दिलेलंसुद्धा चालत नाही. नशीब, हा नियम एका रविवारपुरता आहे. दुसरा नियम ड्राफ्टिंगचा. पुढच्याच्या पाठीशी चिकटून सायकल मारली की वारा तो खातो आणि मागच्याला जोर कमी लागतो, म्हणून ते निषिद्ध. ठरावीक अंतर सोडूनच चालवायची. हा नियम आमच्या ह्यांनी मला रात्री जेवताना समजावून सांगितला. ताट जिथल्या तिथे ठेवून उठले.

इतिहासही माहीत असावा, भाषणात उपयोगी पडतो. 1978 साली हवाईच्या ओआहू बेटावर पहिली आयर्नमॅन झाली. पंधरा जण उतरले, बारा पोचले. पत्रकावर लिहिलं होतं: इतकं पोहा, इतकी सायकल, इतकं धावा आणि मग जन्मभर बढाया मारा. यातला शेवटचा टप्पा आमच्याकडे शर्यतीआधीच पूर्ण झालाय. ही कल्पना जॉन आणि ज्युडी कॉलिन्स या नवरा-बायकोची. ग्रुपवर गोष्ट फिरते ती फक्त नौदलातल्या जॉनची. 1974 साली सॅन डिएगोच्या ट्रायथलॉनमध्ये, म्हणजे याच तीन प्रकारांच्या शर्यतीत, ज्युडी स्वतः उतरली होती, असं मी सांगितलं. उत्तर आलं, “अच्छा? मीठ दे जरा.”

आणि आता टेपर. हा शब्द नीट शिकून घ्या, बाकी काही नाही जमलं तरी चालेल. स्पर्धेआधीचे दोनेक आठवडे व्यायाम कमी करत न्यायचा, म्हणजे शरीर ताजं राहतं. मला केवढा आनंद झाला होता! म्हटलं, दोन आठवडे माणूस घरात. तर टेपरमध्ये सिलेंडर उचलायचा नाही, पाठ धरते. मंडईत जायचं नाही, तिथे उभं राहावं लागतं. मुलांच्या जवळ जायचं नाही, सर्दी लागेल. मनगटावरचं घड्याळ सांगतं, अजून 41 तास विश्रांती घ्या. घड्याळाचं ऐकतात हो.

परवा गुरुवार होता, आमच्याकडे दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवायचा वार, म्हणून लाईट नव्हती. सोसायटीत जनरेटर आहे, पण डिझेलवरून कमिटीत काय चाललंय ते विचारू नका. शाळेतून फोन आला, धाकट्याला ताप आहे, घेऊन जा. आमच्या ह्यांनी टेपरसाठी रजा टाकलेली, घरीच होते, पण तापाच्या पोराला आणायचं म्हणजे जंतू. मी ऑफिसमधून निघाले, रिक्षाने शाळा, तिथून डॉक्टर. 102 ताप. लिफ्ट बंद. वीस किलोचं पोर खांद्यावर झोपलेलं, एका हातात दप्तर, दुसऱ्या हातात औषधं आणि पाण्याची बाटली, आणि पाचवा मजला. तिसऱ्यावर टेकले. त्याची चप्पल गळून दुसऱ्या मजल्यावर राहिली होती. ती आणायला कोण उतरणार, म्हणून तशीच सोडली. वर आले. दार उघडायला दोन मिनिटं लागली, कारण साहेब भिंतीला पाय लावून आडवे होते, गुडघ्यापर्यंत मोजे घालून, रक्त हृदयाकडे परत जावं म्हणून. आणि दारात उभं राहून, मागे सरकून, नाकावर रुमाल धरून म्हणतात काय, “हाक मारायची ना, आलो असतो. पण जिने नको म्हणालाय कोच.”

जिने नको म्हणालाय!

अरे, शंभर किलोमीटर सायकल मारणारे पाय ना ते? खंबाटकी चढतात ना? ते पाच मजल्यांना भितात? पोटच्या पोराच्या तापाला भितात? मला कुणी दिला टेपर? बाळंतपणानंतर दिला नाही, मागच्या वर्षी अप्रेझलच्या आठवड्यात तुझी आई पडली तेव्हा दिला नाही. तुला गोव्यात ठरावीक अंतरावर पाणी, केळी, मीठ घेऊन पोरं उभी असतील, लोक टाळ्या वाजवतील, शेवटी गळ्यात पदक पडेल. घाल, मिरव, मला वाईट वाटत नाही. तू जा पोहायला, पळायला. मीच म्हटलं होतं जा म्हणून. पण ज्या तासांत तू पळतोस ते तास तुझे नाहीत. माझ्याकडून उचललेले आहेत. दहा महिन्यांत एकदा तरी विचारायचं, तुला किती हवेत?

तुम्हीसुद्धा, हे वाचून ‘आमची ही तशी नाही, तिचा पूर्ण सपोर्ट आहे’ असं म्हणताय ना, जाऊन विचारा. आत्ता. फोन खाली ठेवून.

स्पर्धा रविवारी आहे. सोमवारी रात्री गोव्याहून येशील. मंगळवारी पहाटे पाचला मी बाहेर पडणार आहे. कुठे, ते अजून ठरवलेलं नाही, पण नऊच्या आत येणार नाही. कणीक मळलेली नसेल. बस सात दहाला गेटवर येते आणि हॉर्न एकदाच वाजवते. थर्मामीटर फ्रिजवर, निळ्या डब्यात. पाय दुखत असतीलच, पण मंगळवार आहे, लिफ्ट चालू असेल.