एवढं आलोयच तर...

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही अकरा जण तीन दिवस गणपतीपुळ्याला जाऊन आलो आणि त्या तीन दिवसांत मी वाळूत निवांत बसलो तो वेळ एकूण अकरा मिनिटं. मोजलाय मी. बाराव्या मिनिटाला मागून दाजी आले आणि वीजबिल भरून टाकू म्हणतात ना, त्या सुरात म्हणाले, "एवढं आलोयच तर जयगड करून टाकू की."

पण सुरुवात सांगलीतनंच झालेली. पहाटे चारला निघायचं ठरलं होतं. आमच्यात पहाटे चारला निघायचं म्हणजे चारला पहिला माणूस उठतो. टेम्पो ट्रॅव्हलर सव्वाचारला दारात, ड्रायव्हर मामा अनुभवी माणूस, त्यांनी आमच्या घरातली बंद लाईट बघितली आणि सीट मागं करून सरळ झोपले. पाचला आंघोळी, साडेपाचला गिझर बंद पडला, सहाला आईला आठवलं की दही विरजलेलं फ्रीजमध्येच राहिलं, मग ते डब्यात, डबा पिशवीत, पिशवी मांडीवर कुणाच्या यावर चर्चा. बाकी सामान तर विचारूच नका. शेंगदाण्याची चटणी, खर्डा, चाळीस चपात्या, इंडक्शन (तिकडचा चहा कसा असंल कोण जाणे म्हणून), तीन छत्र्या, आणि दोन किलो भडंग. आता चुरमुरा वजनाला किती हलका असतो ते आपल्याकडं कुणाला सांगायला नको, दोन किलो म्हणजे एक अख्खी सीटच गेली. भडंग खिडकीशेजारी बसलं आणि मी इंजिनवर.

सव्वासातला निघालो. अर्ध्या तासात जयसिंगपूर. दाजी म्हणाले, "थांबवा जरा, एवढं आलोयच तर इथलं पण भडंग घेऊ." घर अजून इतकं जवळ होतं की गॅस बंद केलाय का नाही बघायला कुणी परत जाऊन आलं असतं तरी चाललं असतं, आणि आम्ही 'एवढं आलो' होतो.

कोल्हापुरात मिसळ. हे मी आधीच सांगत होतो की पुढं आंबा घाट आहे, पोट हलकं ठेवा. पण मिसळीपुढं बसलेल्या माणसाला घाट दिसत नाही, त्याला कट दिसतो. दाजींनी कट तीनदा मागितला, भाच्यानं त्यांचं बघून दोनदा. मलकापूर गेलं, आंबा गेलं, घाट सुरू झाला, बाहेर हिरवीगार दरी आणि सकाळचं ऊन, आणि आत लिंबू कुठं ठेवलंय, पिशवी द्या, पिशवी द्या, ती नको ओ ती दह्याची आहे! पुढं साखरप्यापर्यंत कुणी कुणाशी बोललं नाही. फक्त ताई एकदा दाजींकडं बघून "घ्या अजून कट" एवढंच म्हणाली.

पुळ्यात पोचलो दुपारी दोनला. जेवायला एका घरगुती खानावळीत गेलो. गरम भात, वालाची उसळ, सोलकढी, वर उकडीचा मोदक, असं पान की बघूनच बरं वाटावं. आईनं वाढणाऱ्या काकूंना विचारलं, "शाळूची भाकरी मिळंल का ओ?" काकूंनी तांदळाची भाकरी आणून दिली, मऊ, पांढरीशुभ्र. आईनं ती उलटीसुलटी करून बघितली, चांगली आहे म्हणाली आणि पिशवीतनं घरच्या चपात्या काढल्या. मग सगळ्यांनीच काढल्या, खर्डा पण निघाला. दोनशे किलोमीटर येऊन आम्ही समुद्राकाठी सांगलीचं जेवण जेवलो आणि वर दाजींचं मत, "यांच्या जेवणाला झणका नाही." मी चार मोदक गपचूप खाल्ले, खोटं कशाला बोलू.

संध्याकाळी दर्शन झालं, टेकडीला प्रदक्षिणा झाली. इथं अख्खा डोंगरच गणपती मानतात म्हणून प्रदक्षिणा डोंगराला, चांगली किलोमीटरभर चाल, आणि मला विचाराल तर ट्रिपमधलं सगळ्यात भारी तेच, कारण चालताना कुणाला फोटो काढता येत नव्हता. देवळासमोरच समुद्र, देवाचं तोंड पश्चिमेला, म्हणजे सूर्यास्त अगदी पुढ्यात. सगळ्यांना एका फोटोत घ्यायचं ठरलं. सूर्य टेकलेला. भाचा लाटेत. त्याला ओढून आणला (पाणी इथं फसवं आहे, पोहू नका म्हणून पाट्या आहेत, तरी आपली माणसं पँट वर करून आत), तर वहिनींचे डोळे मिटले, पुन्हा एकदा, मग आण्णा उन्हाकडं पाठ करायला तयार होईनात. ते म्हणाले, "मी बघायला आलोय." शेवटी फोटो निघाला तेव्हा मागं नुसता अंधार, पुढं अकरा जणांचे फ्लॅशनं पांढरे झालेले चेहरे. सूर्यास्त फक्त आण्णांनी बघितला.

दुसऱ्या दिवशी दाजींचं वेळापत्रक. माझी ती अकरा मिनिटं सकाळी सहा ते सहा अकरा. मग जयगड. शास्त्री नदी जिथं समुद्राला मिळते तिथं उंचावर किल्ला, खाली खाडी, बोटी, वारा, बसावं तास दोन तास. आम्ही वीस मिनिटांत केला. मग लाईटहाऊस केला. मग मालगुंड. केशवसुतांचं जन्मगाव. आण्णा आयुष्यभर शाळेत मराठी शिकवून रिटायर झालेले, ते स्मारकापाशी गेले आणि तिथल्या कविता एकेक करून वाचायला लागले, ओठ हलत होते, चष्मा काढून पुसला, परत लावला. दाजी बाहेरनं, "आण्णा, झालं का बघून?" आण्णांनी वळून माझ्याकडं बघितलं. मी पण घड्याळ बघत होतो. आले बिचारे काही न बोलता गाडीत.

तिसऱ्या दिवशी परतीला रत्नागिरी, एवढं आलोयच तर. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी 1885 साली गादीवरनं काढून इकडं आणून ठेवलं, त्याच्यासाठी 1910 च्या सुमारास राजवाडा बांधला, आणि 1916 ला तो इथंच गेला. तीस वर्षं माणूस रत्नागिरीत राहिला. आम्ही पंधरा मिनिटं. सोमवार होता, आतलं म्युझियम बंद, गेटबाहेर फोटो काढला आणि दाजींनी यादीवर टिक केली. दाजी, बंद होतं की. "आलो होतो ना आपण? मग झालं."

पुढं कोल्हापूर, अंबाबाईला न जाता कसं जायचं, दोन तास रांग. तिथनं सरळ घर गाठावं तर आईच म्हणाली, आईच बरं का, "एवढं आलोयच तर वाडीला दत्ताचं दर्शन करून जाऊ." नरसोबाच्या वाडीला आम्ही वर्षातनं सहा वेळा जातो ओ!

रात्री घरी. भडंगाची दोन्ही पोती जशीच्या तशी उतरली, 'घाटात खाऊ', 'बीचवर खाऊ' करत तीन दिवस फिरून आलेली. दही मात्र संपलं होतं, कुठं ते विचारू नका.

परवा ऑफिसातल्या मित्राचा मेसेज आला, पुढच्या आठवड्यात पुळ्याला चाललोय, काय काय बघू? मी मनापासून टाईप केलं, काही बघू नको भावा, दोन दिवस नुसता समुद्रासमोर बसून ये. पाठवलं. दोन निळ्या टिक आल्या. मग माझं मलाच कळलं नाही, अंगठा आपोआप खाली गेला आणि लिहून पण झालं: पण एवढा जातोयसच तर जयगड करून टाक.