निनावी वाचकास, मामांच्या लेखाबद्दल

नमस्कार.

मामांना केनेडी डिसीज आहे, म्हणजे स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशी (मोटर न्यूरॉन) सावकाश झिजवणारा आजार. त्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंय: "अर्धवट माहितीवर लोकांना घाबरवू नका. केनेडी डिसीजला सरसकट मोटर न्यूरॉन डिसीज म्हणू नये, लोक एएलएस समजतात. मामांच्या मुलींबद्दल अवाक्षर नाही. आणि तुम्ही स्वतः तपासणी केलीत का?"

आधी माझी चूक. डॉ. विल्यम केनेडींनी हा आजार १९६८ साली मांडला, माझ्याकडून १९८६ पडलं. दुरुस्त केलंय.

आता 'घाबरवू नका'. किती सहज लिहिलंत! मामा सांगलीत हळदीच्या अडतीत दिवाणजी होते. चाळिशीत पोटऱ्यांत गोळे यायला लागले, मग हातातली बशी थरथरायला लागली. हनुवटी आपोआप लवायची. आम्ही पोरं हसायचो, मामा कुणावर तरी चिडलेत म्हणून. पुढे आयर्विन पूल चालत ओलांडणं सुटलं. पहिल्या डॉक्टरांनी एएलएस सांगितलं, म्हणजे मोटर न्यूरॉन डिसीजचा झपाट्यानं वाढणारा, जीवघेणा प्रकार. वर 'दोन-तीन वर्षं धरून चला'. मामींनी त्याच रात्री विम्याचे कागद काढले. घाबरणं म्हणजे काय ते तुम्ही आम्हाला सांगणार?

स्तन वाढून बनियन छातीला घट्ट व्हायला लागली तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांना शंका आली. पुरुषी संप्रेरकाला प्रतिसाद देणारं एक जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, त्यात सीएजी हा डीएनएचा तुकडा वाजवीपेक्षा जास्त वेळा आला की हा आजार होतो. हे १९९१ साली कळलं. मामांच्या रक्तात तेच निघालं. त्या 'दोन-तीन वर्षां'ना आता अकरा वर्षं झाली. मामा काठी घेऊन का होईना, गणपती मंदिरात जातात. फक्त भडंग खाता येत नाही, ठसका लागतो.

आणि नावाचं म्हणाल तर मज्जारज्जूतल्या आणि मेंदूच्या देठातल्या ज्या पेशी स्नायूंना हुकूम देतात, त्याच यात झिजतात. त्याला मोटर न्यूरॉन नाही तर काय पडसं म्हणू? हा सावकाश चालतो, बहुतेकांचं आयुष्य फारसं कमी होत नाही, हे मी लेखात लिहिलंय. तिसऱ्या परिच्छेदात. तिथपर्यंत वाचलं असतंत तर.

राहिला मुलींचा मुद्दा. बापाचं एक्स प्रत्येक मुलीकडे जातं, म्हणजे दोघीही वाहक, सदोष जनुक बाळगणाऱ्या. त्यांना स्वतःला सहसा फारसा त्रास होत नाही, पण पुढे मुलगा झाला तर त्याला हा आजार होण्याची निम्मी शक्यता. एवढं मला कळतं. थोरलीची सध्या स्थळं बघणं चालू आहे. कुणाला काय आणि कधी सांगायचं ते मामा-मामी बघतील. तो घरचा विषय आहे.

शेवटच्या प्रश्नाबद्दल. मामांना हे आजीकडून आलं आणि माझी आई त्यांची सख्खी बहीण, म्हणजे ते माझ्यातही असू शकतं, हा तुमच्या प्रश्नामागचा हिशेब बरोबर आहे. पण एखाद्याला असलं विचारायचं तर निदान नाव लावून तरी यायचं होतं.