५३ ग्रेडच्या सिमेंटने भट्टीला आतून अस्तर लावू नका

छोट्या भट्ट्या बांधणाऱ्यांत एक मजकूर सतत फिरतोय: ‘बांधकामाचं ५३ ग्रेड सिमेंट आणि फायरब्रिकचा चुरा मिसळा, अस्तर तयार. सिमेंट जास्त, तेवढी मजबुती जास्त. पांढरं सिमेंट म्हणजे नुसते रंगाचे पैसे. सात दिवस पाणी मारा.’ हे वाचून कुणी उद्या वितळलेल्या धातूसमोर उभं राहील, म्हणून लिहितोय.

साधं सिमेंट पाण्याने घट्ट होताना त्यात कॅल्शियम हायड्रॉक्साइड तयार होतं. ४०० ते ५०० अंशांच्या आसपास त्यातलं पाणी निघून जातं आणि कळीचा चुना उरतो. भट्टी निवली की हा चुना हवेतली ओल ओढून विरतो, फुगतो आणि अस्तर आतून फोडतो. मी असा तुकडा हाताळलाय. पहिल्या तापवणीनंतर ठोकला तर खणखणीत वाजला; पावसाळ्यात काही दिवस पडून राहिला आणि अंगठ्याने दाबताच भुगा झाला. पहिल्या दिवशी सगळं ठीक दिसतं, म्हणूनच हा सल्ला पसरतो. कास्टेबलला, म्हणजे पाणी घालून साच्यात ओतायच्या अस्तराच्या मिश्रणाला, कॅल्शियम अ‍ॅल्युमिनेट सिमेंट लागतं, कारण ते घट्ट होताना मोकळा चुना सुटत नाही.

हे सिमेंटही वाढवलं की थंड अस्तर मजबूत लागतं, हे खरं. पण सिमेंटबरोबर चुनाही वाढतो; मोकळा नव्हे, सिमेंटच्या घडणीतलाच. अ‍ॅल्युमिना आणि सिलिकाशी मिळून तो कमी तापमानालाच वितळणारी संयुगं करतो आणि ऐन धगीत अस्तर मऊ पडतं. शिवाय जास्त सिमेंटला पाणी जास्त, आणि ते उडालं की छिद्रं. म्हणून तर लो सिमेंट कास्टेबल आले: त्यांत चुना २.५ टक्क्यांच्या आत, अल्ट्रा लोमध्ये १ टक्क्याच्या आत.

कॅल्शियम अ‍ॅल्युमिनेट सिमेंट करडं आणि पांढरं असं दोन्ही मिळतं. पांढऱ्या रंगाचे पैसे नसतात, लोह जवळपास नसल्याचे असतात. त्यातल्या करड्यामध्ये अ‍ॅल्युमिना साधारण ४० टक्के आणि लोहही बरंच. पांढऱ्यात अ‍ॅल्युमिना ७० ते ८० टक्के. कार्बन मोनॉक्साइडच्या वातावरणात लोहाच्या कणांभोवती काजळी साठते आणि अस्तर तडकतं. लाकडावरच्या पिझ्झा ओव्हनला मात्र करडं अ‍ॅल्युमिनेट सिमेंट पुरतं, तिथे उगाच खर्च करू नका.

सात दिवस पाणी मारायचीही गरज नाही. कॅल्शियम अ‍ॅल्युमिनेट सिमेंट २४ तासांत बहुतेक ताकद धरतं. तेवढा वेळ ओलं ठेवा, मग अगदी सावकाश तापवा. लो सिमेंटला तर जास्तच सावकाश: छिद्रं बारीक असल्याने वाफेला वाट मिळत नाही, आणि घाई केली तर अस्तराचे तुकडे उडतात.