लाल दिव्यावरची टिकली आणि वीज वाचवणारी डबी

गेल्या आठवड्यात सेलू तालुक्यातल्या गावाहून आत्याचा फोन आला. टीव्हीचा रिमोट बंद पडला आहे, दोनदा सेल बदलले तरी चालत नाही, तेव्हा येताना नवा घेऊन ये, असे तिचे म्हणणे होते. मी परभणीहून नवा रिमोट घेऊन गेलो, तर तोही चालेना. मग लक्षात आले की टीव्हीच्या खालच्या कडेला, जिथे बारीक लाल दिवा असतो, नेमकी तिथे आत्याने आपली एक मोठी टिकली चिकटवली आहे. ती काढायला हात पुढे केला, तशी आत्या ओरडली, "काढू नको ती, त्यातून बघायलेत लोकं!"

ही माहिती तिला भजनी मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावरून मिळाली होती. ‘घरात टीव्ही असणाऱ्या प्रत्येकाने वाचावे’ अशा मथळ्याचा तो संदेश नंतर मला आणखी तीन ठिकाणांहून आला. त्याचे सांगणे थोडक्यात असे, की टीव्हीचा लाल दिवा म्हणजे छुपा कॅमेरा आहे. रिमोटने बंद केलेला टीव्ही महिन्याला पन्नास युनिट वीज खातो. प्लगमध्ये ‘वीज बचत यंत्र’ लावले की बिल चाळीस टक्क्यांनी उतरते. नव्या टीव्हीला स्टॅबिलायझर लागत नाही. पडदा काच पुसण्याच्या फवाऱ्याने पुसावा. आणि आभाळ गरजू लागताच गच्चीवर जाऊन डिशच्या छत्रीची वायर काढावी. आत्याने यातले जवळजवळ सगळे श्रद्धेने पाळले आणि वर संदेश पुढेही पाठवला, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

लाल दिवा हा फक्त दिवा आहे, आणि टीव्हीला वीज मिळते आहे एवढेच तो सांगतो. त्याच्या शेजारी, बहुधा त्याच काळपट खिडकीमागे, रिमोटचे अवरक्त किरण टिपणारा भाग असतो. हे किरण डोळ्यांना दिसत नाहीत, पण मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर रिमोट धरून बटण दाबले तर बहुतेक फोनवर त्याच्या टोकाशी जांभळट उजेड लुकलुकताना दिसतो. टिकलीने तो किरण अडवला होता. ती काढताच जुना रिमोट चालू झाला, आणि नवा परत घ्यायला दुकानदार तयार नाही.

इंटरनेटला जोडलेला स्मार्ट टीव्ही मात्र आपण काय पाहतो याची नोंद ठेवू शकतो, हे मान्य करावे लागेल. ग्राहकांना न विचारता अशी नोंद केल्याच्या आरोपावरून अमेरिकेत व्हिझिओ या टीव्ही कंपनीला २०१७ मध्ये २२ लाख डॉलर भरून प्रकरण मिटवावे लागले. पण ती नोंद टीव्हीतले सॉफ्टवेअर करते आणि ती सेटिंगमध्ये जाऊन बंद करायची असते, दिव्यावर टिकली लावून ती थांबत नाही. आत्याच्या टीव्हीला तर इंटरनेटच नाही.

पन्नास युनिटांचा हिशेब पाचवीतल्या मुलानेही खोटा ठरवावा असा आहे. टीव्ही दिवसाचे वीस तास बंद राहतो असे धरले, तर महिन्याचे सहाशे तास होतात. सहाशे तासांत पन्नास युनिट जायचे तर बंद टीव्हीने सतत त्र्याऐंशी वॅट खाल्ले पाहिजेत, म्हणजे छताच्या साध्या पंख्याहूनही जास्त. युरोपीय संघाने २०१३ पासून अशा उपकरणांच्या बंद अवस्थेतील वापरावर अर्ध्या वॅटची मर्यादा घातली आणि आपल्याकडे मिळणाऱ्या अनेक टीव्हींच्या माहितीपत्रकातही हाच आकडा छापलेला असतो. त्या हिशेबाने महिन्याला एक तृतीयांश युनिटही होत नाही. खरा खादाड आहे तो सेट-टॉप बॉक्स, ज्याचे नाव संदेशात कुठेच नाही. रिमोटने ‘बंद’ केल्यावरही तो आतून बराचसा चालूच राहतो. सकाळी उठल्याबरोबर त्याच्यावर हात ठेवला तर तो कोमट लागतो. तो दहा वॅट घेत असेल तर महिन्याला सहा युनिट होतात. तेव्हा रात्री भिंतीवरचे बटण बंद करण्यात अर्थ आहे, एवढे अर्धे सत्य मी नाइलाजाने पदरात घेतो.

आता ते ‘वीज बचत यंत्र’, म्हणजे प्लगमध्ये लावायची डबी. आत्याने ती आठवडी बाजारात साडेसहाशे रुपयांना घेतली. विकणाऱ्याने म्हणे एक मोटर चालू करून तिच्या वायरीला करंट मोजायचे चिमट्याचे मीटर लावले, मग डबी प्लगमध्ये घातली आणि आकडा खाली आला. हे प्रात्यक्षिक खोटे नसते, आणि म्हणूनच ते जास्त लबाडीचे आहे. मी ती डबी उघडली, तेव्हा आत एक छोटा कपॅसिटर (वीज क्षणभर साठवून परत देणारा भाग), एक रेझिस्टन्स आणि दोन हिरवे दिवे एवढेच निघाले. मोटरीसारखी उपकरणे काही करंट कामासाठी घेतात आणि काही नुसताच घेऊन परत करतात, जसा विहिरीतून पोहरा भरून वर काढावा आणि न ओतता तसाच खाली सोडावा. कपॅसिटर ही ये-जा जागच्या जागी भागवतो, त्यामुळे वायरीतला एकूण करंट खरोखर कमी होतो. पण घरगुती मीटर ओतलेले पाणी मोजते, पोहऱ्याच्या फेऱ्या मोजत नाही. आपले युनिट म्हणजे किलोवॅट-तास आहे, आणि त्यात या ये-जा करणाऱ्या करंटची आकारणीच नसते. जी आकारणी होतच नाही, तिच्यात चाळीस टक्के बचत कोठून येणार?

माझ्या शब्दावर कोणी विश्वास ठेवावा असे नाही. अमेरिकेच्या निस्ट या सरकारी मापनसंस्थेने २००९ मध्ये नेमक्या याच विषयावर तांत्रिक टिपण प्रसिद्ध केले, आणि अशा उपकरणांमुळे घरगुती ग्राहकाचे बिल कमी होत नाही असा त्याचा निष्कर्ष आहे. ज्यांना अमेरिका दूर वाटते त्यांनी आपले मीटर पाहावे. त्यावर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो हा आकडा शेजारीच छापलेला असतो. आत्याच्या मीटरवर तो ३२०० आहे. घरातले बाकी सगळे बंद करून आम्ही एकच पंखा चालू ठेवला आणि दहा लुकलुकींना लागणारा वेळ मोबाइलवर मोजला, तो अडीच मिनिटांच्या आसपास भरला. मग डबी लावून पुन्हा मोजला, तरी तेवढाच. नातवाने तिसऱ्यांदा मोजून पाहिला, कारण साडेसहाशे रुपये गेल्याचे आत्याला मान्य होत नव्हते.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो आमच्या फुफाजींनीच घेतला, की मग महावितरण शेतकऱ्यांना मोटारीला कपॅसिटर बसवा असे का सांगते? सांगते, आणि बरोबरच सांगते. शंभर मोटारींचा फुकटचा करंट कमी झाला की डीपीवरचा भार हलका होतो, ती जळण्याचा धोका कमी होतो आणि शेवटच्या शेतापर्यंत दाब बरा मिळतो. पण तो फायदा लाइनीचा आहे. मोठ्या कारखान्यांची आकारणी वेगळ्या पद्धतीने होत असल्याने त्यांना कपॅसिटरचा पैशातही लाभ होतो. घराच्या बिलाशी या दोन्हींचा संबंध नाही.

स्टॅबिलायझरचा मुद्दा पुण्यातल्या सदनिकेत बसून लिहिलेला दिसतो. आजच्या बहुतेक टीव्हींच्या मागे १०० ते २४० व्होल्ट असे छापलेले असते, त्यामुळे दाब दीडशेपर्यंत पडला तरी ते चालतात हे खरे. मात्र आमच्याकडे दाब पडण्यापेक्षा न्यूट्रल, म्हणजे विजेच्या परतीचा तार, तुटण्याची भीती मोठी. तो तुटला की एखाद्या घरात चारशेच्या जवळपासही व्होल्ट येऊ शकतात. दाब वाढताच पुरवठा तोडणारा स्टॅबिलायझर अशा वेळी उपयोगी पडतो. पडदा पुसण्याचे विचाराल, तर एलईडी टीव्हीचा पडदा बहुधा काचेचा नसून त्यावर प्लास्टिकचा पातळ थर असतो, आणि फवाऱ्यातल्या अमोनियाने तो कायमचा डागाळू शकतो. कोरडे मऊ कापड पुरते.

शेवटचा मुद्दा वाचून मात्र माझे डोके फिरले, कारण तो पाळताना जीव जाऊ शकतो. मे महिन्याच्या एका संध्याकाळी वळवाचे आभाळ गडगडू लागले आणि आत्याने नववीतल्या नातवाला स्लॅबवर छत्रीची वायर काढायला पाठवले. स्लॅबवर पुढच्या मजल्यासाठी सोडलेल्या लोखंडी सळया, शेजारी लोखंडी स्टँडवरची टाकी, आणि पोराच्या हातात छत्रीची धातूची वायर. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत दर तीन सेकंदांना सुमारे एक किलोमीटर अंतर धरतात. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, आणि पुढची आपल्यावर पडू शकते. म्हणजे गडगडाट ही वर जाण्याची नव्हे, खाली येण्याची सूचना आहे. शेवटच्या गडगडाटानंतरही अर्धा तास उघड्यावर जाऊ नये असे सांगितले जाते. मराठवाड्यात वळवाच्या आणि परतीच्या पावसात शेतात, झाडाखाली विजेने माणसे आणि जनावरे दगावल्याच्या बातम्या दरवर्षी येतात, आणि हा संदेश त्याच काळात लोकांना उंच जागी चढायला सांगतो.

वायर आणि प्लग काढून ठेवल्याने टीव्ही वाचतो, हे संदेशातले तेवढेच खरे. स्टॅबिलायझर किंवा साधा स्पाइक गार्ड विजेपुढे टिकत नाही, हेही खरे. पण ते काढायचे आभाळ भरून येण्याआधी आणि घरात उभे राहून. एकदा गडगडाट सुरू झाला की आतल्या वायरीलाही हात लावायचा नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ हे मोफत ॲप आपल्या भोवतीच्या वीस आणि चाळीस किलोमीटरच्या टापूतल्या विजांची सूचना देते. ते मी नातवाच्या मोबाइलवर टाकून दिले आणि छत्रीची वायर खिडकीतून आत घेऊन सेट-टॉप बॉक्सपाशी सहज सुटेल अशी करून दिली. गडगडाट सुरू व्हायच्या आत वायर निघाली तर ठीक, नाहीतर टीव्ही जळू द्यायचा, असे त्याला आत्यासमोरच बजावले. आत्याला ते पटायला बराच वेळ लागला, कारण टीव्हीचे चार हप्ते अजून बाकी आहेत.