“चौथ्या ग्लासात पाणी मारलं होतं” या रिव्ह्यूबद्दल

नमस्कार साहेब,

शनिवारी आमच्याकडे झालेल्या बजेट व्हिस्की टेस्टिंगला तुम्ही दोन स्टार दिलेत. सोडा दिला नाही, 750 रुपयांत पाच घोट आणि चौथ्या ग्लासात पाणी मारलेलं, असं लिहिलंत. तुमची संध्याकाळ खराब झाली, त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

सोडा आम्ही शेवटी देतो, कारण सोड्यात स्वस्त व्हिस्कीचे दोष लपतात. पाच ग्लास प्रत्येकी 15 मिलीचे, म्हणजे अडीच स्मॉल पेग. वाइन शॉपचा भाव आम्हाला परवडत नाही. 2023 मध्ये परमिट रूमचा व्हॅट 5 वरून 10 टक्के झाला, जून 2025 मध्ये उत्पादन शुल्कही वाढलं.

पण “पाणी मारलं” हे फार लागलं, साहेब. नौपाड्यातली ही जागा वडिलांनी 1991 साली सुरू केली. असा आरोप आमच्यावर कधी कोणी केला नाही, आणि असं चारचौघांत लिहिलेलं वाचून उद्या गिऱ्हाईक पायरी चढेल का, याचीच धास्ती आहे.

झालं ते सांगतो. पाचही बाटल्यांचं सील साडेसातला सगळ्यांसमोर फोडलं. प्रत्येक ग्लास आधी नीट, म्हणजे नुसता, हुंगायचा आणि एक घोट घ्यायचा. मग त्यात अर्धा चमचा पाणी. आपल्याकडच्या बाटल्या बहुतेक 42.8 टक्क्यांच्या. नुसत्या हुंगल्या की अल्कोहोलच नाकात जातं, बाकी काही कळत नाही. 15 मिलीत अडीच मिली पाणी पडलं की ती साधारण 37 टक्क्यांवर येते. मग माल्ट, म्हणजे मोड आणलेल्या जवाची व्हिस्की, किती, वरून घातलेला गोडवा किती, ते समजतं. दोनशे-तीनशेचा फरक असलेल्या बाटल्यांत पैसे कशाला मोजावेत, हे तिथेच ठरतं. तेवढ्या पाण्यात जी फिकी पडते, तिला मी मार्क देत नाही.

तुम्ही 8:20 ला आलात. घोडबंदरचा ट्रॅफिक मीही रोज भोगतो, त्यामुळे उशिराबद्दल बोलणार नाही. पण तोवर टेबल चौथ्या ग्लासावर होतं. पोराने तुमचे चार ग्लास एकदम भरले आणि सगळ्यांच्या चौथ्यात चमचा फिरवताना तुमच्याही घातला. तुम्ही तो आधी नुसता चाखलाच नव्हता. विचारून घालायला हवं होतं, ही चूक आमची. बाटली मात्र सगळ्यांना एकच होती.

तुमचा मार्कांचा कागद अजून गल्ल्यात आहे. पाचांत सगळ्यात जास्त, 10 पैकी 8, तुम्ही त्याच चौथ्या ग्लासाला दिलेत. शेजारी तुमच्याच अक्षरात लिहिलंय, “घशाला लागत नाही, पैसे वसूल.”

उशिरा येणाऱ्यांसाठी पुढच्या वेळी वेगळी काहीतरी सोय करतो, मॅनेजरशी बोललोय. तुम्ही या, काउंटरवर माझं नाव सांगा. बाटली तुमच्यासमोर उघडतो, पाणी तुमच्या हाताने घाला.